पाखरांची चौकशी : पिंजऱ्याची पाठ शेडकडं, तोंड आपल्याकडं

दसरा जवळ आला की या सदराला येणाऱ्या पत्रांत एकच विषय असतोय, बजी. पाऊस उघडतो, हवा कोरडी व्हायला लागते आणि बेळगावपासून निपाणीपर्यंत लोक जोड्या लावायला बसतात. आधी एक सांगून टाकतो, आपल्याकडं दुकानात जाऊन "लव्हबर्ड द्या" म्हटलं की जे हिरवं-पिवळं-निळं लांब शेपटीचं पाखरू पुठ्ठ्याच्या डब्यात घालून देतात ते लव्हबर्ड नव्हेच, ते बजी. खरा लव्हबर्ड जाडसर, आखूड शेपटीचा आणि बोटाला धरला तर रक्त काढणारा. पत्रात कुठलं पाखरू ते नीट लिहा, मागच्या वेळी एकांना मी अख्खं उत्तर चुकीच्या पाखराचं दिलं होतं.

प्रश्न (खानापूर तालुका) : घराच्या मागच्या भिंतीला लागून १० बाय ६ फुटाचं शेड मारलंय, उंची ७ फूट, वर पत्रा, उरलेल्या तीन बाजूंनी जाळी. आत २२ बजी एकत्र सोडलेत. रंग बघून जोड्या लावायच्या म्हणून तीन छोटे जाळीचे पिंजरे त्याच शेडमधे मधोमध तारेनं लटकवले. आता बाकीची पाखरं दिवसभर त्या पिंजऱ्यांवरच बसायल्यात. एका मादीच्या पायाचं बोट बाहेरच्या मादीनं तोडलं, दुसरीनं चार अंडी घातली आणि सोडून दिली, आतल्या पाण्यात सारखी वरून घाण पडतेय. पिंजरे आत ठेवायचं हेच चुकलं काय? घरात जागा नाही, आणि ठेवायला घेतले तर घरची माणसं बाहेर काढतील, मला नि पिंजऱ्याला दोन्ही.

उत्तर : दादा, डोकं बरोबर चाललं होतं, मांडणी गंडली. एक कुलूप, एक छप्पर, बोक्याची भीती नाही, दाणापाणी एका फेरीत, म्हणून सगळेच कधी ना कधी हे करून बघतात, मीही केलंय आणि तुमच्यापेक्षा वाईट मार खाल्लाय, ते पुढं सांगतो.

आधी हे का होतंय ते बघू. बजी मूळचं ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखातलं. तिथं थव्यानं हिंडतं, पाऊस होऊन गवताला बी धरलं की थव्यानंच झाडांच्या ढोलीत अंडी घालतं, एकाच झाडावर चार-पाच जोड्यांचा संसार असतो. १८४० साली जॉन गूल्ड नावाच्या पक्षीवाल्यानं जिवंत बजी इंग्लंडला नेले आणि तिथनं ते जगभर पसरले, पण अंगातला थवा काय गेला नाही. एकटी जोडी बंद खोलीत ठेवली तर महिनोन्महिने नुसती बसून खाते, आणि तीच जोडी दुसऱ्यांच्या आवाजात नेऊन ठेवली की पंधरा दिवसांत मादी अंडी घालायच्या लाकडी पेटीचं भोक कुरतडायला लागते, हे पाळणाऱ्यांनी किती वेळा बघितलंय. नराची ती न थांबणारी बडबड कानावर पडली की मादीच्या पोटात अंड्याची तयारी सुरू होते. म्हणजे तुमच्या शेडमधला कालवा तुमच्या फायद्याचाच आहे, तो बंद करायचा नाही.

पण आवाज ऐकू येणं वेगळं आणि चोच पोचणं वेगळं. बजीत भांडखोर असते ती मादी, नर बिचारा गाणी म्हणतो आणि मार खातो. आणि मादीचं भांडण दाण्यावरनं क्वचितच, ते ढोलीवरनं असतंय. तुम्ही तीन पिंजऱ्यांना तीन पेट्या लावल्या, त्या बाहेरच्या दहा-अकरा माद्यांना दिसायल्यात आणि आत जाता येईना. मग त्या काय करणार, जाळीवर येऊन बसणार, आतली मादी आतनं जाळीला लटकून तोंड द्यायला येणार, दोघींच्या मधे अंतर किती तर एका तारेची जाडी. तिथं बोट जाणारच होतं, दुसऱ्या कुठल्या दिवशी गेलं असतं.

आता माझी फजिती. दोन फुटी पिंजरा, चारी बाजूंनी जाळी, शेडच्या मधोमध, का तर मला खुर्ची टाकून बघायला बरं वाटत होतं. निळा नर, पिवळी मादी, पाच अंडी. मादी अंड्यावर बसली की फार बाहेर येत नाही, नरानं दाणे खाऊन परत वर काढून तिच्या चोचीत भरवायचे असतात, अंड्यावर नर बसत नाही, त्याचं काम भरवणं एवढंच. तर हा बाप्या बाहेरून पिंजऱ्याला चिकटलेल्या एका हिरव्या मादीला जाळीतनं भरवायला लागला. मान वरखाली, डोळ्याची बाहुली बारीक-मोठी, कपाळावरची पिसं फुगवून सगळा थाट तिकडं. आतली पेटीच्या भोकातनं निम्मी बाहेर येऊन चिवचिव करायची, हा वळूनसुद्धा बघायचा नाही. मी दोन दिवस हसत बघत बसलो, मला वाटलं गंमत आहे. नवव्या दिवशी मादी खाली उतरून दाण्याच्या वाटीवर बसली ती पेटीत परत गेलीच नाही. संध्याकाळी अंडी मोबाईलच्या टॉर्चवर धरून बघितली, पाचातल्या चारांत तांबड्या शिरांचं जाळं धरलेलं होतं, म्हणजे आत जीव धरला होता. तुमच्या मादीनं चार अंडी का सोडली ते मी इथं बसून सांगू शकत नाही, पण तिचा नर दिवसभर कुणाच्या दिशेनं तोंड करून बसतो ते बघा.

आता करायचं काय. तुमच्या शेडचं दार कुठल्या टोकाला आहे ते लिहिलं नाहीत, पण ६ फुटी बाजूला असेल तर काम सोपं. दाराच्या बाजूनं अडीच-तीन फूट सोडून आत एक आडवं पार्टिशन घाला. खालनं साडेपाच फुटापर्यंत प्लाय किंवा साधा पत्रा, वरचा दीड फूट जाळी, आणि एका कडेला आत जायचं छोटं दार. पलीकडं ७ बाय ६ ची जागा उरते, २२ बजींना पुरते. अलीकडच्या बोळात त्या प्लायला पिंजरे ठोका, पाठ पाखरांकडं, तोंड तुमच्याकडं. एवढं केलं की वरच्या जाळीतनं आवाज सगळा येतो, पण डोळ्याला डोळा नाही नि चोचीला चोच नाही. दोन पिंजऱ्यांच्या मधेही प्लायचा तुकडा घाला, शेजारची जोडी एकमेकांना दिसायला नको, नाहीतर हाच तमाशा छोट्या प्रमाणात परत. वरनं फायदा असा की बोळामुळं दोन दारं झाली, बाहेरचं लावून मग आतलं उघडायचं, एखादं पाखरू निसटलं तरी बोळात सापडतं. शेडवाल्या निम्म्या लोकांची पाखरं दार उघडताना गेलेली असतात, ती मांजरानं नेली म्हणून सांगतात ते वेगळं.

पार्टिशनचा खर्च आत्ता जमत नसेल तर निदान हे तरी करा. पिंजरे मधनं काढून घराच्या भिंतीला चिकटवा, दोन्ही बाजू आणि पाठ बंद, आणि वर पत्रा, तो सपाट नको, चांगला तिरका, कौलावरनं पाणी जावं तसं पाखरू घसरलं पाहिजे. सपाट ठेवला की वर आठ जणी बसल्याच आणि घाण खाली पाण्यात. तोंडाकडं जाळी दुहेरी करा, एक पिंजऱ्याची आणि तिच्या पुढं दोन-तीन बोटं अंतर ठेवून लाकडी चौकटीवर दुसरी, अर्ध्या इंचाची. आणि तोंडासमोर दोन-तीन फुटांत बाकीच्यांना बसायला काठी ठेवू नका, बसायला काही नसलं की निम्म्या जणी येणारच नाहीत. हे कामचलाऊ आहे हे मात्र लक्षात असू दे, तोंडाकडनं दिसायचं ते दिसतंच, नर बघून बडबडणारच.

जाळी नवीन चकचकीत घेतलीत तर तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो, नवीन मुलाम्याचे कण चोचीनं खरवडून पोटात गेले की पाखरू सुस्त होऊन मरतं. व्हिनेगर पाण्यात घालून ब्रशनं घासा, धुवा, आठ-पंधरा दिवस उन्हा-पावसात टाका, मग लावा. ट्रंकेचा नाहीतर बोर्डाचा रंगीत पत्रा वापरू नका, रंगाचे पोपडे बजी आवडीनं खातात.

खानापूर म्हटलं की पावसाचं वेगळं सांगायला लागतंय. आपल्याकडं पाऊस नि वारं पश्चिमेकडनं येतं, त्या बाजूला पेट्या नकोत. पावसाळ्यात पेटीतला भुसा ओला राहतो, त्याला बुरशी येते, आणि माझं स्पष्ट मत असं की तुमच्या भागात जून ते सप्टेंबर पेट्या काढूनच ठेवाव्यात, पाखरांनाही विश्रांती. आणखी एक वैरी म्हणजे लाल मुंग्या. पिल्लू फुटताना अंड्याचा वास गेला की रात्रीत रांग लागते, सकाळी पेटीत काही उरत नाही. तारेनं लटकवलेल्या पिंजऱ्याला तारेवर वीतभर व्हॅसलीन चोपडा, स्टँड असेल तर पायाखाली पाण्याच्या वाट्या. उंदीर, घुशीसाठी खालचा दीड फूट जाळी न ठेवता पत्रा किंवा वीट करा. उंदीर आले की मागनं धामण येते, तिला अंडी नि पिल्लं दोन्ही चालतात.

पिंजरा लांबीला दोन फूट, रुंदी-उंची दीड-दीड. पेटी आत ठेवू नका, बाहेरून अडकवा, झाकण वर उघडणारं, म्हणजे रोज एकदा बघता येतं. पेटीच्या तळाला मधे वाटीसारखा खोलगटपणा पाहिजेच, सपाट फळीवर पिल्लांचे पाय दोन्हीकडं फाकतात आणि मग ते पाखरू आयुष्यभर बेडकासारखं बसतं. करवतीचा भुसा मूठ-दोन मूठ, पण प्लायच्या दुकानातला नको, त्यात गोंद-केमिकल असतंय.

वेळेचा हिशोब नीट धरा, कारण लोक इथं घाई करतात. जोडी आधी आठ-दहा दिवस नुसती पिंजऱ्यात राहू दे, पटली तर पेटी लावा. त्यानंतर दहा-पंधरा दिवसांत पहिलं अंड, मग एक दिवसाआड एक, चार ते सहा. प्रत्येक अंड १८ दिवसांच्या आसपास फुटतं, म्हणून पिल्लंही एक दिवसाआड, सहा अंडी असली तर थोरल्या-धाकट्यात दहा दिवसांचं अंतर पडतं आणि धाकटं चिरडलं जायची भीती असते, तेवढं बघा. ३० ते ३५ दिवसांनी पिल्लू पेटीबाहेर येतं, पुढं आठ-दहा दिवस बापच भरवतो. म्हणजे एका फेरीला पिंजरा जवळजवळ तीन महिने अडकला. अशा दोन फेऱ्या, मग पेटी काढून जोडी मोठ्या शेडमधे, निदान चार-सहा महिने. तिसरी फेरी घेणाऱ्याच्या माद्या बघितल्यात मी, पिसं उडालेल्या, छातीचं हाड वर आलेलं.

आणि परत सोडायचं तेव्हा पिल्लं थेट मोठ्यांत सोडू नका, तीनातला एक पिंजरा मोकळा ठेवून पंधरा दिवस तिथं ठेवा, स्वतः दाणे फोडून खायला लागली की सकाळी सोडा, संध्याकाळी कधीच नाही, अंधारात नवीन जागा सापडत नाही आणि जाळीवर आपटतात. सोडायच्या दिवशी शेडमधे एकही पेटी, एकही मडकं लटकत नसावं.

बोट तुटलेल्या मादीला यंदा जोडीला घेऊ नका. नराला पाठीवर बसताना तिला काठी घट्ट धरता आली पाहिजे, जखम ओली असताना ते जमत नाही आणि अंडी नुसती रिकामी निघतात.

प्रश्न (निपाणी) : आम्ही पिंजरे-बिंजरे काही करत नाही, शेडमधे आठ जोड्या नि आठ मडकी, सगळं एकत्र. पहिल्या वेळी मस्त पिल्लं निघाली. यंदा दोन मडक्यांतली पिल्लं डोकं फोडून मारलेली सापडली. आईनंच मारली असं शेजारचे काका म्हणतात. खरं काय?

उत्तर : आईनं मारल्याचं क्वचित होतं, पण एकत्र शेडमधे निम्म्याहून जास्त वेळा ती शेजारीण असते. आठ जोड्यांना आठ मडकी हा हिशोब कागदावर बरोबर, पण पाखरू कागद वाचत नाही. सगळ्यांत वरचं मडकं सगळ्यांना पाहिजे असतं. तुमची आठच्या आठ एका उंचीवर आहेत काय? नसतील तर भांडण तिथंच आहे. बारा लटकवा, सगळी सारखी, सगळी एका रेषेत, एकमेकांपासून हातभर लांब, आणि सगळी एकाच दिवशी. नंतर एखादं नवीन लावलं की जुन्या बसलेल्यासुद्धा उठून ते बघायला जातात.

दुसरं, पाखरं परत मोजा. नाकपुड्यांच्या भोवतीचा भाग निळा तो नर, तपकिरी किंवा पांढरट ती मादी, पण पूर्ण पिवळ्या-पांढऱ्या तांबड्या डोळ्याच्या पाखरांत नरालाही तो भाग गुलाबी-जांभळा राहतो, तिथं भले भले फसतात. मला वाटतं तुमच्याकडं एखादी मादी जास्तीची आहे, जिला नर नाही. एक बिनजोडीची मादी अख्खं शेड उद्ध्वस्त करते, ती दुसऱ्याच्या मडक्यात शिरते, अंडी फोडते, पिल्लांच्या डोक्यावर चोच मारते. तिला ओळखायचं सोपं, सकाळी तासभर लांब उभं राहून बघा, जी दोन-तीन मडक्यांत डोकावते आणि जिला कुणी नर भरवत नाही ती तीच. बाहेर काढा, मारू नका, तिचा स्वभावच तसा आहे असं काही नसतं, दुसऱ्या वेळी नर मिळाला की तीच चांगली आई होते.

नवीन जोडीही मधे घालू नका, एकदा अंडी पडली की शेडचं दार पाखरांसाठी बंद.

एकत्र ठेवायला मी नको म्हणत नाही. रंगाशी देणंघेणं नसेल, बाजारात विकायचे नसतील, तर आठ जोड्या एकत्र नांदताना बघण्यासारखं सुख नाही. फक्त मग "हे पिल्लू त्या निळ्याचं" असं छातीठोक सांगू नका. दिवसा जोड्या जोड्या बसतात, आणि मधल्या वेळात काय काय चालतंय ते त्यांचं त्यांना माहीत.

प्रश्न (शहापूर, बेळगाव) : आमच्या भिंतीपलीकडं पॉवरलूम आहे, सकाळी सुरू झालेला माग रात्रीच थांबतो. या खडखडाटात बजी अंडी घालतील का?

उत्तर : घालतील की. रोजचा, एकसारखा आवाज पाखरू आठवड्यात पचवतं, शहापूर-वडगावात मागाच्या शेजारी पिल्लं काढलेले लोक तुमच्याच गल्लीत सापडतील. त्रास होतो तो अचानक होणाऱ्या आवाजाचा. दिवाळीचे फटाके, विसर्जनाचा डीजे, शिवजयंतीच्या चित्ररथांची रात्र. अंधारात दचकली की सगळी एकदम उडतात, जाळीवर आपटतात, मादी पेटीतनं बाहेर पडते आणि काळोखात परत भोक सापडत नाही, अंडी गार. त्या दिवसांत शेडमधे एक झिरोचा बल्ब रात्रभर चालू ठेवा, लाईट जात असेल तर चार्जिंगचा. मागाच्या कापसाची धूळ मात्र पाण्याच्या वाटीत साचते, पाणी दोनदा बदला. भिंत थरथरत असेल तर पेटी त्या भिंतीवर नको, समोरच्या बाजूला लावा.

प्रश्न (हुक्केरी) : माझी पिवळी मादी सकाळपासून पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसलीय, शेपटी वरखाली करतेय, मागच्या बाजूला फुगवटा दिसतोय. आधी दोन अंडी घातलीत. शेजारीण म्हणते एरंडेल लावून दाबून काढ. पत्र पोचेपर्यंत काय होईल माहीत नाही पण पुढच्या वेळेसाठी सांगा.

उत्तर : ताई, ती वाचली असेल अशी आशा करतो. हे अंड अडकणं. दाबून काढायला कधीच जायचं नाही, अंड आत फुटलं तर कवचाचे तुकडे पोटात आणि मादी हातातच जाते, मी एकदा एका जाणत्या माणसाला हे करताना बघितलंय आणि शेवट त्याच्या तळहातावर झाला. पहिल्यांदा ऊब द्यायची. छोट्या पिंजऱ्यात घाला, तीन बाजूंनी कापड, बाहेरून ४० किंवा ६० वॅटचा पिवळा बल्ब, एलईडी नव्हे त्यानं ऊब येत नाही, आणि पिंजऱ्याची एक बाजू थंड राहू दे म्हणजे नको वाटलं तर सरकता येईल. जवळ गरम पाण्याचं भांडं ठेवून हवा दमट करा. प्यायला पाणी समोर. एक-दोन तासांत अंड पडलं नाही तर जनावरांच्या डॉक्टरकडं न्या, कॅल्शियमचं इंजेक्शन वेळेत मिळालं की पुष्कळ वाचतात. गावच्या डॉक्टरांना गाई-म्हशींची सवय असते, म्हणून पाखराचं वजन सांगा, ३० ते ४० ग्रॅम, डोस त्यावर ठरतो.

हे होतं कशानं, तर कमी वयाची मादी, लागोपाठ फेऱ्या, थंडी, आणि कॅल्शियम नसणं. दुकानात मादी "पाच महिन्यांची, तयार आहे" म्हणून विकतात, ती तयार नसते, वर्षाच्या आसपास झाल्याशिवाय पेटी दाखवू नका. पिंजऱ्यात समुद्रफेस कायम लटकत असावा. पाखरांच्या दुकानात कटल बोन म्हणून जी पांढरी चपटी वडी महाग देतात ती हीच, काष्ठौषधीच्या दुकानात त्याच पैशात तीन येतात. अंड्याची टरफलं उकळून, वाळवून, भरडून दिली तरी खातात. शिवाय सकाळचं कोवळं ऊन पिंजऱ्यावर थेट पडू द्या, काचेतनं नव्हे, उन्हाशिवाय खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही.

प्रश्न (बैलहोंगल) : राळे महाग झालेत, नुसत्या बाजरीवर पिल्लं वाढतील का?

उत्तर : जगतील, नीट वाढणार नाहीत. राळे म्हणजे आपल्याकडच्या बाजारातले नवणे, पक्ष्यांचं दुकान सोडा आणि आठवडी बाजारात धान्यवाल्याकडनं घ्या, दरात फरक पडतो, फक्त सालासकट पाहिजेत, माणसं खातात ते सोललेले नकोत. दोन भाग नवणे, एक भाग बाजरी, जमलं तर थोडी वरी, तीही सालाची. पिल्लं असताना रोज उकडलेल्या अंड्याचा चुरा चमचाभर, आणि दोन-तीन तासांनी उरलेला काढून टाकायचा, उन्हात नासतो. शेवग्याचा पाला, कोथिंबीर धुऊन. बाजारातल्या पाल्यावर फवारा असतोय म्हणून परसातला बरा.

प्रश्न (चिक्कोडी, नववीचा विद्यार्थी) : वाऱ्यानं नारळाच्या ढोलीतनं हिरव्या पोपटाचं पिल्लू खाली पडलं. बजीच्या पिंजऱ्यात घातलं तर बजीची मादी त्याला भरवेल का?

उत्तर : बाळा, नाही. पोपटाचं पिल्लू बजीच्या दुप्पट-तिप्पट, भूक तेवढी मोठी, आणि चोच अशी की बजीच्या मादीचा पाय एका फटक्यात जाईल. शिवाय बजी परदेशी म्हणून घरी पाळायला चालतो, आपला देशी पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणं गुन्हा आहे, पिंजऱ्यात घातलेला दिसला तर दंड बाबांना होईल. आधी झाडाखाली जाऊन बघ, आई-बाप जवळपास ओरडत असतील आणि ढोली हाताला येत असेल तर मोठ्या माणसाला शिडीवर चढवून परत ठेव. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकते हे खरं नाही. ढोली मोडली असेल तर पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून, खाली सुती कापड घालून त्यात ठेव, खोकं घरात वेगळ्या खोलीत, मांजर नि बजी दोन्हीपासून लांब. दूध पाजू नकोस. आणि बाबांना घेऊन त्याच दिवशी वनखात्याच्या ऑफिसात जा, पोपट कुठल्या झाडाखाली सापडला ते सांग, बरा झाला की त्याच भागात सोडतात.